पाचशेचं पेट्रोल: सावंतवाडीतल्या एका शाळेच्या गाडीचं प्रकरण

हे प्रकरण 2022 च्या मार्च ते ऑगस्ट या महिन्यांतलं आहे. गाडीवाल्याचं नाव बदललं आहे, मुलांच्या वाड्या सांगितलेल्या नाहीत. त्याला इथे बाबल म्हणते. माझी मुलगी त्याच्याच गाडीतून शाळेत जायची आणि मी दुकानदारांचे हिशेब लिहायचं काम करते, त्यामुळे पुढे त्याची वही माझ्याकडे आली. आकडे त्या वहीतले आहेत. ते मांडायला बाबलने होकार दिला आहे.

पार्श्वभूमी

बाबल सावंतवाडीजवळच्या इन्सुलीचा. वय चाळिशीच्या आसपास, थोडी काजूची बाग, आणि शाळेच्या मुलांसाठी पासिंग केलेली पेट्रोलवरची एक ईको व्हॅन. सकाळी दोन फेऱ्या, दुपारनंतर दोन, मिळून दिवसाला 52 किलोमीटर. पहिल्या फेरीला 9 मुलं, दुसऱ्या फेरीला 8. महिन्याची फी मुलामागे 1,200 रुपये, म्हणजे हातात 20,400. त्यातून पतसंस्थेचा हप्ता 4,800. विमा, पासिंग आणि टायर यांसाठी दरमहा अडीच हजार बाजूला ठेवावेच लागतात, नाहीतर वर्षाच्या शेवटी एकदम खड्डा पडतो.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडत होती. एसटी कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून सुरू होता. आमच्याकडे एसटी बंद म्हणजे आठवी-नववीच्या मुलींची शाळा बंद, कारण त्या मोफत पासावर येणाऱ्या. जानेवारीच्या शेवटी शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा अशा चार मुली रस्त्यावर उभ्या राहायच्या. बाबलने त्यांना पहिल्या फेरीत घ्यायला सुरुवात केली, दिवसाला 30 रुपये प्रत्येकी. 9 मुलांच्या जागेत 13 मुलं. आम्हा पालकांना हे दिसत होतं. मलाही दिसत होतं. मुली शाळेत पोचतायत ना, एवढ्यावर मी गप्प बसले.

पेट्रोलचं म्हणाल तर 4 नोव्हेंबर 2021 पासून दर हलला नव्हता. त्या दिवशी केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे 5 रुपयांनी कमी केलं आणि मुंबईत दर 109.98 वर आला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा तो रुपयाभराने वर असायचा. पुढचे साडेचार महिने तोच भाव. दरम्यान पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, 24 फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल भडकलं, तरी पंपावरचा आकडा जागच्या जागी. मग 22 मार्चला 80 पैसे वाढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा 80. सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ झाली आणि 6 एप्रिलला मुंबईत दर 120.51 वर पोचला. आमच्याकडे 121 च्या पुढे.

इकडे हे चाललेलं असताना वीस किलोमीटरवर गोवा होता आणि तिथे पेट्रोल लिटरमागे 14 रुपयांनी स्वस्त होतं. नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या कपातीबरोबर गोव्याने आपला कर कमी करून दर आणखी 7 रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने तेव्हा तसं केलं नाही. आमच्या जिल्ह्यात 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 10.12 रुपयांचा अधिभार होता. गोव्यातलं स्वस्त पेट्रोल आम्हाला नवं नाही. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर यांनी व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा बांदा-सावंतवाडीच्या गाड्यांनी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपलीकडे रांगा लावल्या होत्या. त्यामुळे पेट्रोल वाढलं की इथल्या माणसाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, गोव्याक जाऊन भरूया.

अडचण कशी उघडी पडली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वासातच्या सुमारास, इन्सुली घाटाच्या चढावर गाडी बंद पडली. आत तेरा मुलं. बाबलने मला फोन केला, कारण मी स्कूटर घेऊन लवकर पोचू शकत होते.

"वैनी, पेट्रोल संपला. कालच पाचशेचा घातललंय. रोज पुरता, आजच कसा पुराक नाय?"

मी पोचले तेव्हा त्याने मागच्या चाकाखाली दगड लावला होता. मुलं खाली उतरून कठड्याच्या आतल्या बाजूला ओळीने उभी होती, मोठ्या चार मुली रस्त्याच्या बाजूने आडव्या उभ्या राहून लहानांना आवरत होत्या. बाजूने चिरे भरलेले डंपर जात होते. तो प्रसंग आठवला की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून पहिल्यांदा भागाकार केला. बाबल रोज 500 रुपयांचं पेट्रोल घालायचा. वर्षानुवर्षं तीच सवय. रिक्षावाले, दुचाकीवाले, बहुतेक जण असंच करतात. लिटर कोणी सांगत नाही, पंपावर नोट दाखवतात. 111 च्या भावाने 500 रुपयांत साडेचार लिटर येत होतं. गाडीला दिवसाला लागायचं सव्वाचार लिटरच्या किंचित आत. म्हणजे रोज थोडं उरायचं, त्यात बाजारहाट व्हायचा. भाव 121 च्या पुढे गेला आणि 500 रुपयांत 4.1 लिटर यायला लागलं. आता रोज थोडं कमी पडत होतं. गाडीतला पेट्रोलचा काटा बिघडलेला, पण त्याला काट्याची गरजच वाटत नव्हती, कारण 500 रुपये आणि एक दिवस हे गणित कधी चुकलंच नव्हतं.

मला इथे थांबून एक सांगायचं आहे. दहा रुपयांची वाढ बाबलला माहीत नव्हती असं नाही. पंपावर तो रोज आकडा बघत होता, शिव्या घालत होता. पण खिशातून जाणारी नोट तीच होती, त्यामुळे वाढ त्याच्या हाताला कधी लागली नाही. लागली ती थेट घाटात.

वहीत काय दिसलं

100 लिटर महिन्याला. 111 च्या भावाने 11,100 रुपये, 121 च्या भावाने 12,100. आधी हप्ता आणि राखीव वजा जाता 2,000 उरत होते, आता 1,000. एवढ्याशा पैशावर घर चाललं कसं, तर त्या चार मुलींच्या रोजच्या 120 रुपयांवर. महिन्याला ते 2,880 होतात. बाबलने ते कधी उत्पन्नात धरलेच नव्हते. ते मिठा-मिरचीला जायचे. आणि एसटीचा संप मिटत आल्याच्या बातम्या येत होत्या. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं होतं. म्हणजे दोन आठवड्यांत हे 2,880 जाणार होते. दहा रुपयांच्या भाववाढीपेक्षा हा फटका जवळजवळ तिप्पट होता आणि त्याचं नावही कोणी घेत नव्हतं.

दुसरी गोष्ट गोव्याची. पाडव्यानंतर बाबल दोनदा पत्रादेवीपलीकडच्या पंपावर जाऊन आला होता. दोन्ही वेळा खिशात 1,000 रुपये. 107 च्या आसपासच्या भावाने त्याला 9.3 लिटर मिळालं, इथल्यापेक्षा 130 रुपयांची बचत. पण घरापासून तो पंप 12 किलोमीटर. जाऊन-येऊन 24 किलोमीटरला त्याच्या गाडीने 1.9 लिटर खाल्लं, म्हणजे 205 रुपये. प्रत्येक खेपेला 75 रुपये तोटा. तो मात्र 130 मिळवल्याच्या समाधानाने परत आला होता.

निदान 15 लिटर भरलं तरच गोव्याची खेप परवडते, हे निघालं. टाकी रिकामी करून 32 लिटर भरलं तर एका खेपेला अडीचशे रुपये हातात राहतात. पण 32 लिटरला एकरकमी 3,400 रुपये लागतात. ते बाबलकडे कधीच नसायचे, कारण फी पाच तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत सुटी-सुटी यायची. स्वस्त पेट्रोल हद्दीपलीकडे सगळ्यांसाठी होतं, पण ज्याच्याकडे साडेतीन हजार एकदम आहेत त्यालाच ते स्वस्त पडत होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

समोरचे पर्याय

फी वाढवणं हा सरळ मार्ग. बाबल त्याला तयारच होईना. "माझो खर्च वाढलो तसो तेंचोव वाढलोच आसा. कसा मागू?" त्याच्या फेरीतल्या अर्ध्या मुलांचे बाप रोज मोटारसायकलवरून म्हापशाला, पेडण्याला कामाला जाणारे. त्यांची पेट्रोलची ओढाताण तो रोज पाहत होता. मागण्याची लाज होती, आणि मागितलं तर दोन-तीन मुलं जातील ही भीतीही.

सीएनजी किट बसवायचा विचार झाला. राज्याने 1 एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला होता, त्यामुळे सगळीकडे त्याचीच चर्चा. पण त्याच दिवसापासून देशातल्या नैसर्गिक वायूचा सरकारी दर 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलर झाला होता. दुपटीहून जास्त. कर कमी झाल्याचा फायदा किती दिवस टिकेल याची मला शंका होती, आणि पुण्यात 62.20 वर उतरलेला सीएनजी महिन्याभरात 77 च्या पुढे गेलाही. किटला पन्नास हजारांच्या वर खर्च, नवं कर्ज, मागे सिलिंडर बसला की दप्तरांची जागा जाणार, आणि जिल्ह्यात पंप मोजके. हा पर्याय आम्ही सोडला.

कॅनमध्ये गोव्याचं पेट्रोल भरून आणायचं, असंही कोणीतरी सुचवलं. मुलांच्या गाडीत पेट्रोलचा कॅन हा विषय मी एका वाक्यात संपवला, आणि बाबलनेही मान डोलावली.

फेरीतला एक आड रस्ता होता. सहा वर्षांच्या एका मुलासाठी गाडी तिठ्यावरून अडीच किलोमीटर आत जायची आणि तशीच परत यायची. सकाळ-संध्याकाळ मिळून 10 किलोमीटर, दिवसाच्या धावेचा पाचवा हिस्सा. तिठ्यापर्यंत घरच्यांनी आणून सोडलं तर मोठी बचत होती. पण वाट रानातली आणि मूल लहान.

आणि गाडी तपासून घेणं. हे सगळ्यात शेवटी आलं, कारण बाबलच्या मते गाडी ठणठणीत होती. "सोळा देता," तो म्हणायचा. आम्ही टाकी भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा टाकी भरून मोजलं तेव्हा लिटरला साडेबारा किलोमीटर निघाले.

गॅरेजमधली दुपार

इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात मोठी बचत इथेच सापडली.

मेकॅनिक सावंतवाडीतला जुना माणूस. त्याने बॉनेट उघडलंच नाही. बाबलला म्हणाला, तलावाला एक चक्कर मारून ये, ब्रेक शक्यतो लावू नकोस. मोती तलावाभोवती फिरून गाडी आली तशी त्याने वाकून चारही चाकांच्या मधोमध हाताचा मागचा भाग धरला. पुढची दोन कोमट. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि लगेच ओढून घेतला. मलाही दाखवलं. जळक्या रबरासारखा वास येत होता आणि लोखंडाची धग दोन बोटांवरून जाणवत होती. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, त्यामुळे ड्रममधले लायनर पूर्ण सुटतच नव्हते. गाडी कित्येक महिने एक चाक धरून ठेवून पळत होती. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं. शेजारचं चाक चार-पाच फेऱ्या फिरलं.

टायरमध्ये हवा कमी होती. एअर फिल्टर झटकला तर लाल मातीचा लोट निघाला. डंपरच्या मागे चालणारी गाडी, दुसरं काय होणार.

मेकॅनिकने आणखी एक प्रश्न विचारला, घाट कसा उतरतोस? बाबलने खरं सांगितलं. भाव वाढल्यापासून तो घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत होता, कधी कधी इंजिनही बंद करत होता. आमच्याकडे हे सर्रास चालतं. मेकॅनिक चिडला. त्याने समजावलं ते असं. या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलेटरवरून काढला की उतारावर इंजिन पेट्रोल घेतच नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रल केली की मात्र इंजिनाला सुरू राहण्यासाठी पेट्रोल घ्यावं लागतं. म्हणजे वाचवायला जातोस आणि जाळतोस. आणि इंजिन बंद केलंस तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, मग पाय कितीही दाब, पेडल दगडासारखं. तेसुद्धा तेरा मुलं घेऊन.

बाबल काही बोलला नाही. बाहेर येऊन बराच वेळ गाडीला टेकून उभा होता. त्या दिवसापासून त्याने उतारावर गाडी कधी न्यूट्रल केली नाही.

केबल, लायनर, फिल्टर, प्लग आणि मजुरी मिळून 1,850 रुपये झाले. ते त्याने काजूच्या पहिल्या विक्रीतून दिले. पुन्हा टाकी ते टाकी मोजलं, तर लिटरला 14 किलोमीटर. महिन्याला 100 लिटरच्या जागी 89. त्या वेळच्या भावाने 1,300 रुपये. सोळा दिवसांतली चौदा वेळची भाववाढ त्याच्याकडून महिन्याला जेवढं घेऊन गेली, त्याहून जास्त त्याच्याच मागच्या डाव्या चाकात अडकलं होतं.

पालकांची बैठक

17 एप्रिलला, रविवारी, देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. सतरा मुलांचे मिळून तेरा पालक आले. मी वहीची पानं मोठ्या अक्षरात लिहून नेली होती. बाबल मागे खांबाला टेकून बसला होता.

सुरुवातीलाच एकजण म्हणाले, "आमच्या गाडयेक पण पेट्रोलच लागता मा?" बरोबरच होतं ते. म्हणून फीवाढीआधी मी ब्रेकचा आणि मायलेजचा हिशेब सांगितला. गाडीवाल्याने स्वतःच्या बाजूने काय केलं हे आधी कळलं म्हणून पुढचं बोलणं सोपं झालं, असं मला वाटतं.

ठरलं ते असं. लिटरचा भाव 110 पर्यंत असेल तर फी 1,200. त्यापुढे भाव प्रत्येक पूर्ण 5 रुपयांनी वाढला की मुलामागे 30 रुपये वाढवायचे, उतरला की तेवढेच कमी करायचे. 30 हा आकडा हवेतला नव्हता. 100 लिटरवर 5 रुपये म्हणजे 500, भागिले सतरा मुलं. बचतीचे लिटर यात धरायचे नाहीत, ते बाबलचे, असं एका आजोबांनी सुचवलं आणि सगळ्यांनी मानलं. महिन्याच्या 1 तारखेचा पंपावरचा भाव ग्रुपवर टाकायचा. आणि फी 1 ते 3 तारखेच्या आत द्यायची, म्हणजे बाबलला टाकी भरायला पैसे एकत्र मिळतील. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, आणि त्यालाच सगळ्यात कमी विरोध झाला.

त्या चार मुलींचा प्रश्न अवघड गेला. तेरा मुलं एका फेरीत बसवायची नाहीत, यावर एकमत झालं. पण एसटी सुरू व्हायला अजून दिवस होते, आणि त्या वर्षी एप्रिलअखेरपर्यंत शाळा पूर्णवेळ भरवायचा आदेश होता. त्यांना रस्त्यावर सोडायचं? बाबलच बोलला. तो मुलींसाठी पहाटे वेगळी फेरी मारेल. 13 किलोमीटरला लिटरभर पेट्रोल, 121 रुपये. मुलींचे चौघींचे मिळून 120. त्याला त्यात काहीच सुटणार नव्हतं. मुली शाळेत चाळीस मिनिटं आधी पोचायच्या, पायरीवर बसून अभ्यास करायच्या. परतीला त्या दुसऱ्या एका पालकाच्या गाडीने यायच्या. एसटी पुन्हा सुरू होईपर्यंत तो हे करत राहिला.

आड रस्त्याच्या मुलाची आई म्हणाली, सकाळी मी स्कूटरवरून तिठ्यावर आणते, दुपारी मात्र तुम्ही आत सोडा, तेव्हा मी कामावर असते. धाव दिवसाला 5 किलोमीटरने कमी झाली. तिला फीमध्ये 150 रुपये सूट द्यायचं ठरलं.

काय झालं

एप्रिलची वाढीव फी मुलामागे 60 रुपये. तीन मुलांच्या घरून ती आली नाही, बाबलने मागितली नाही. 840 रुपये जमले.

22 मेपासून केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर आणखी 8 रुपयांनी कमी केलं. जूनमध्ये शाळा उघडताना आमच्याकडे भाव 112 च्या आसपास होता. बाबलने कोणी न विचारता ग्रुपवर लिहिलं, या महिन्यापासून फी पुन्हा 1,200. भाव उतरल्यावर दर उतरवणारा गाडीवाला आमच्या पालकांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यानंतर 3 तारखेपर्यंत फी न येणारं एकही घर राहिलं नाही.

दोन मुलं मात्र जूनमध्ये आली नाहीत. भावंडं होती ती. बापाने मोटारसायकलवरून सोडायचं ठरवलं, कारण त्याच्या घरात दोन फी भरणं जड जात होतं. पंधरा मुलं उरली.

गोव्याच्या खेपा बाबलने एप्रिलच्या शेवटी आणि जूनमध्ये टाकी पूर्ण भरण्यापुरत्याच केल्या, शक्यतो बांद्याला काही काम असेल तेव्हा. 14 जुलैला राज्याने पेट्रोलवरचा कर 5 रुपयांनी कमी केला. हद्दीच्या दोन बाजूंमधला फरक दहाच्या आसपास आला. आम्ही पुन्हा भागाकार केला. दोन तास घालवून खेपेला दीडशे रुपये. बाबलने मुद्दाम जाणं बंद केलं. आपल्या हद्दीतल्या ज्या पंपावर तो रोज पाचशेचं घालायचा, तिथेच आता महिन्याला तीनदा टाकी भरतो आणि लिटर लिहून घेतो.

ऑगस्टचा हिशेब: फी 17,850. पेट्रोल 81 लिटर, 108 च्या भावाने 8,750. हप्ता 4,800, राखीव 2,500. उरले 1,800. फेब्रुवारीत, मुलींचे पैसे सोडून, 2,000 उरत होते. दोन मुलं कमी झाली असताना तो जवळपास तिथेच राहिला. जुन्याच पद्धतीने चालला असता तर ऑगस्टमध्ये घरातून शंभर रुपये घालावे लागले असते.

वेगळं काय करता आलं असतं

तेरा मुलांच्या गाडीबद्दल मी जानेवारीतच बोलायला हवं होतं. वेगळी फेरी तेव्हाही शक्य होती. तेव्हा भाव 111 होता, म्हणजे बाबलला त्यात उलट थोडं सुटलं असतं. एप्रिलपर्यंत आम्ही थांबलो आणि घाटात वाचलो.

बैठक शाळेला न कळवता झाली. स्कूल बससाठी 2011 चे राज्याचे नियम आहेत, त्यानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि भाड्याचा विषय तिच्यासमोर जायला हवा. तिथे गेलो असतो तर बाकीच्या गाडीवाल्यांनाही ही पद्धत मिळाली असती. पुढे त्यातल्या दोघांनी बाबलकडे वही मागितली, पण आपल्या पालकांसमोर ती मांडायला कोणी पुढे आलं नाही.

फीचं कोष्टक फक्त पेट्रोलला बांधलं, हीही चूक होती. जून 2022 पासून थर्ड पार्टी विम्याचे दर बदलले, टायर महागले. त्याची वाट कोष्टकात कुठेच नाही. ती वाढ बाबलला पुन्हा तोंडाने मागावी लागणार होती, आणि मागणं त्याला जमत नाही हे आम्हाला आधीच माहीत होतं.

आणि तिठ्यावर मूल आणून सोडणारी ती आई. गाडीचे त्यामुळे महिन्याला साडेआठ लिटर वाचले, म्हणजे नऊशे रुपयांच्या वर. तिच्या स्कूटरला त्यासाठी जवळजवळ 300 रुपयांचं पेट्रोल लागत होतं आणि आम्ही तिला सूट दिली 150. बैठकीत सगळ्यांच्या लिटरचा हिशेब झाला, तिच्या स्कूटरचा कोणी केला नाही, मीही नाही. ती काही बोलली नाही. पावसाळ्यात एकदा तिठ्यावर भेटली तेव्हा स्कूटर बंद करून, मुलाच्या डोक्यावर रेनकोटची टोपी ओढत उभी होती. मी सहज विचारलं, महिन्याला कितीचं घालतेस? "शंभराचा घालतंय, संपला की परत शंभराचा," ती म्हणाली. त्या रात्री मी वहीत तिच्या नावाचं पान घातलं. सप्टेंबरपासून तिची सूट 300 केली. बाबलने आधीच्या महिन्यांचा फरकही तिला दिला, काजूच्या पैशातून.